गालिचा उलटा करून बघा

मी फारसी शिकले ती आदिलशाही फर्मानं वाचता यावीत म्हणून. पुण्यात तीन वर्षं शिकूनही बोलायला तोंड उघडेना, म्हणून 2017 च्या सप्टेंबरअखेरीस सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमासाठी तेहरानला गेले. गालिचा घ्यायचं तेव्हा डोक्यातही नव्हतं. ते वेड लावलं हाज-खानूमनी.

हाज-खानूम म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, हज करून आलेल्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना हाज-खानूम म्हणायची. मला त्या ‘दोख्तरम’ म्हणायच्या, म्हणजे ‘माझ्या पोरी’. घरात सोफा होता, पण तो पाहुण्यांसाठी. पालेभाजी निवडणं, नातवाचा अभ्यास, चहा, दुपारची वामकुक्षी सगळं खाली, गालिच्यावर. चपला दाराशी काढायच्या आणि मग तळव्याला लोकर लागायची. नोव्हेंबरची थंडी पडली तेव्हा कळलं की हा गालिचा शोभेसाठी नाही, तो घराचा उबदार भाग आहे.

एकदा मी त्यांच्या दिवाणखान्यातल्या गालिच्याचं कौतुक करत होते. त्यांनी वाकून एक कोपरा उचलला आणि उलटा केला. “वरून काय बघतेस? वरून सगळेच देखणे. इथे बघ.”

पाठीवर तीच नक्षी होती, तितकीच स्पष्ट, फक्त लव नव्हती. एकेक गाठ बारीक मण्यासारखी दिसत होती. हाज-खानूमनी तिथेच पहिला धडा दिला. हाताने विणलेल्या गालिच्याच्या दशा म्हणजे त्याच्याच ताण्याची, म्हणजे विणीतल्या उभ्या दोऱ्यांची, टोकं असतात, त्या मागून शिवून लावलेल्या नसतात. यंत्रावरच्या गालिच्याला दशा बहुधा शिवून जोडतात, आणि त्याच्या पाठीवरच्या ओळी पट्टी लावून आखल्यासारख्या सरळ असतात. माणसाच्या हाताची ओळ जराशी वरखाली होतेच. विणीचा बारीकपणा ‘रज’ने मोजतात. साधारण सात सेंटिमीटरमध्ये किती गाठी बसतात, तो आकडा म्हणजे रज. त्यांनी मला शिवणाची टेप दिली आणि मोजायला बसवलं. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा जमलं.

त्या दिवसापासून मी लोकांच्या घरी गेले की गालिच्याचे कोपरे उचलायला लागले.

मग हावही सुटली. पुण्याच्या घरी आईच्या खोलीत एक जुना, हातविणीचा गालिचा असावा, तिने त्यावर पाय ठेवून सकाळचा चहा घ्यावा, असं मनात घेतलं. नवा नको होता. नव्यात पैसे जास्त, आणि मला तर वापरलेलाच आवडत होता. इराणी माणूसही वापरलेल्या गालिच्याला कमी लेखत नाही. ‘पाखोर्दे’ असा त्यांचा शब्द आहे, म्हणजे पावलं पडून पडून मुरलेला. एखादी बाई वयानुसार आणखी छान दिसायला लागली तर ‘ही तर किरमानच्या गालिच्यासारखी आहे’ असं म्हणतात, कारण त्यावर जितके पाय पडतील तितका तो खुलतो.

पहिली खरेदी मात्र फसली. ती सांगायलाच हवी. हाज-खानूमना न सांगता, एकटीच, एका दुकानात गेले. दुकानदार गोड बोलला, तीन वेळा चहा दिला, आणि “शंभर वर्षांचा आहे” म्हणत एक छोटा लाल गालिचा पसरला. मी पाठ बघितली, दशा बघितल्या, रज मोजला, सगळं शिकल्याप्रमाणे. नऊ लाख तोमान मोजून घरी आले. (रोजच्या व्यवहारात सगळे तोमानमध्येच बोलतात. दहा रियालचा एक तोमान, आणि नोटांवर रियाल छापलेले, त्यामुळे पहिला महिना माझा शून्यं मोजण्यात गेला.) हाज-खानूमनी गालिचा पाहिला, काही न बोलता पांढरा रुमाल ओला केला आणि मधल्या भागावर घासला. रुमाल लाल झाला. मग त्यांनी बोटांनी लव फाकून दाखवली. मधली लव झिजून ताण्याचे पांढरे दोरे उघडे पडले होते आणि त्यावर शाईने लाल रंग फिरवला होता. पाठ खरी होती, वीण खरी होती, झीज तेवढी लपवलेली होती.

दुकानदाराने अर्ध्या पैशांत परत घेतला, त्याहून एक तोमान जास्त देईना. त्या रात्री मला झोप लागली नाही. हाज-खानूम रागावल्या नाहीत. “आता रुमाल विसरणार नाहीस,” एवढंच म्हणाल्या.

जानेवारीत त्या स्वतः माझ्याबरोबर आल्या. तेहरानमध्ये जुम्हूरी रस्त्यावर एका बहुमजली पार्किंगमध्ये शुक्रवारी बाजार भरायचा. गाड्यांच्या जागी चादरी अंथरून लोक बसायचे. जुने समोवार, तुर्कमेन दागिने, रेडिओ, किलीम म्हणजे बिनलवेच्या सतरंज्या, गालिचे. एका कोपऱ्यात पश्चिम इराणातून आलेला एक बापलेकांचा जोड होता. त्यांच्याकडच्या ढिगात खालून तिसरा मला दिसला. नुसती एक पट्टी दिसत होती, गडद निळ्यावर कोयऱ्या.

मी अक्षरशः खाली बसले. पैठणीच्या पदरावर, आजीच्या शालीवर, आईने श्रावणात काढलेल्या रांगोळीत जी कोयरी बघत मोठी झाले, तीच. फारसीत तिला ‘बोत्ते’ म्हणतात, म्हणजे झुडूप. ओळीने शेकडो कोयऱ्या, कुणी विटकरी, कुणी फिकट पिवळ्या, कुणी हिरवट, आणि प्रत्येकीच्या पोटात एक वेगळं इवलं फूल.

या वेळी घाई केली नाही. बापाने तो सूर्याकडे धरला, भोकं कुठे आहेत ते आम्ही मोजलं. हाज-खानूमनी एक बाजू हळूच दुमडून कानाजवळ नेली. ओल लागून सुती ताणा कुजला असेल तर दुमडताना कटकट आवाज येतो, आणि असा गालिचा फुकट मिळाला तरी घेऊ नये, असं त्यांचं ठाम मत. आवाज आला नाही. रुमाल पांढराच राहिला. लव फाकून बघितली तर मुळाशी निळा गडद आणि टोकाला किंचित फिका, म्हणजे वर्षानुवर्षं उजेडात पडून उतरलेला. रंग वरून चोपडला असता तर टोकंच गडद दिसली असती.

मग पाठ. दोन गाठींच्या ओळींमध्ये बाण्याचा, म्हणजे आडवा, एकच जाड दोरा, आणि त्यामुळे ताण्याचे पांढरे ठिपके एकाआड एक, तीळ पेरावेत तसे दिसत होते. “हमदान,” हाज-खानूम म्हणाल्या. बापाने मान हलवली, “मलायेरच्या बाजूचं गाव.” हमदानच्या आसपासच्या शेकडो गावांतले गालिचे याच एकेरी बाण्याचे असतात, आणि गाठही ताण्याच्या दोन्ही दोऱ्यांना वेढा घालणारी. इस्फहान, नाईनच्या शहरी कारखान्यांची नाजूक वीण ती नाही. घरातल्या बाईने घरातल्या मागावर, स्वयंपाक सांभाळून विणलेली ती आहे. मला म्हणूनच तो जास्त आवडला.

रज 22 भरला. लांबी दोन मीटर, रुंदी एक मीटर तीस. परतताना बसमध्ये हिशेब केला तर गाठी अडीच लाखांच्या वर गेल्या. रोज सात हजार गाठी मारल्या तरी एका बाईचा सव्वा महिना, आणि लोकर कातणं, रंगवणं, माग लावणं वेगळंच. वय साठ-सत्तर वर्षं असावं, असं दोघांचंही म्हणणं पडलं. 18 लाख तोमानला सौदा झाला, तेव्हाच्या भावाने साधारण 25,000 रुपये. परदेशी कार्डं इराणात चालत नाहीत, त्यामुळे आणलेल्या डॉलरमधले होते नव्हते ते मोडले. पैसे घेताना बाप म्हणाला, “काबेल नदारे,” म्हणजे तुमच्यापुढे याची काय किंमत, राहू द्या. ही रीत आहे, पैसे द्यायचेच असतात. पण म्हणताना त्याने हात छातीवर ठेवला होता, आणि मला ते खरंच वाटलं.

गालिच्याला तीन दुखणी होती. एका बाजूचा काठ हातभर उसवलेला. एका टोकाच्या दशा गळून गाठीही सुटायला लागलेल्या. आणि डाव्या कोपऱ्याजवळ तळहाताएवढा भाग कसरीने खाऊन पार उघडा केलेला.

हाज-खानूमच्या ओळखीचे एक रफूगर होते. बाजाराच्या मागच्या गल्लीत, अर्ध्या तळघरासारखी खोली, छताला टेकलेली एक आडवी खिडकी आणि तिच्याखाली उस्तांची, म्हणजे त्या कारागिरांची, बैठक. ‘रफूगर’ शब्द ऐकून मी हसले, आमच्या भाषेतही कापड फाटलं की आम्ही रफूच करतो, म्हणून सांगितलं. उस्तांनी मान वर केली. “आणि कालीला काय म्हणता?” गालिचा, मी म्हटलं. “कालीचे!” ते खूश झाले. मोठी ती काली, छोटी ती कालीचे. आम्ही मोठ्यालाही छोट्याच्याच नावाने हाक मारतो, हे त्यांना फार आवडलं.

मला वाटत होतं, आधी धुऊन मग रफू. उस्ता म्हणाले, उलट. सुटलेल्या कडा तशाच पाण्यात घातल्या तर आणखी चार ओळी वाहून जातील. म्हणून आधी काठ आणि टोकं बांधायची, मग धुवायचं, आणि रंग स्वच्छ झाले की भोक भरायचं. मळलेल्या निळ्याला जुळवून लोकर लावली आणि मग तो धुतला, तर ठिगळ उघडं पडतं. ही गोष्ट इतकी सरळ आहे, पण मला सुचली नव्हती.

कडा बांधून झाल्या तोवर फेब्रुवारी संपत आला आणि घरोघर ‘खाने-तेकानी’ सुरू झाली. शब्दाचा अर्थ घर झटकणं. नवरोजच्या, म्हणजे इराणी नववर्षाच्या, आधी पडदे, भांडी, गालिचे सगळं धुऊन काढतात. गच्च्यांच्या कठड्यांवरून, खिडक्यांमधून गालिचे लोंबायला लागतात आणि सगळं शहर पताका लावल्यासारखं दिसतं. घट बसायच्या आधी आमच्या गावी बायका गोधड्या घेऊन नदीवर जायच्या, त्याला ‘दसरा काढणं’ म्हणायचे. मी हाज-खानूमना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी गालिचे शहराच्या दक्षिणेला रय इथे चश्मे-अलीच्या झऱ्यावर धुवायला न्यायचे आणि खडकांवर वाळत घालायचे.

आम्ही अंगणातच धुतला. आधी उपडा घालून पाठीवर काठीने बडवला. सरळ बाजूने बडवलं तर धूळ आणखी खोल जाते. उचलला तेव्हा फरशीवर बारीक वाळूचा थर होता, मुठीत मावेना. ही वाळूच गालिचा आतून कापते, गाठींच्या मुळाशी बसून. मग प्रत्येक रंगावर ओला रुमाल दाबून पाहिला, पुन्हा एकदा. मग गार पाणी, साध्या साबणाचा फेस, मऊ ब्रश, आणि ब्रश नेहमी लव जिकडे झुकते तिकडेच. उलट्या दिशेने हात फिरवला तर मांजराला उलटं कुरवाळल्यासारखं होतं. गालिचा कुठून विणायला घेतला तेही त्यावरून कळतं, लव सुरुवातीच्या टोकाकडे झुकलेली असते.

पाणी काढायला त्यांच्याकडे लाकडी पारू होतं, वल्ह्यासारखं. हाज-खानूमचा नातू ते दाबून ढकलत गेला आणि पुढून काळं पाणी निघत राहिलं. पहिलं पाणी चहासारखं, पाचवं जवळपास स्वच्छ. शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर. आणि मग ओल्या गालिच्यावर ऊन पडलं.

तो निळा मी कधीच विसरणार नाही. बाजारात पाहिलेला निळा आणि हा निळा यांचा काही संबंध नव्हता. आणि तो एकसारखा नव्हता. खालचा तीन वीत भाग जरा हिरवट, मग एका आडव्या ओळीवर बदलून गर्द, मग पुन्हा थोडा उजळ. याला ‘अब्रश’ म्हणतात. एका रंगवणीची लोकर संपली, दुसरी रंगवली, आणि भट्टीतला रंग थोडा वेगळा उतरला. ती बाई कुठे थांबली आणि कुठून पुन्हा सुरू झाली, ते सत्तर वर्षांनी अंगणात उभं राहून दिसत होतं. हिंदुस्थानातली नीळ शतकानुशतकं इराणी रंगाऱ्यांपर्यंत जात होती, हेही मला तेव्हाच आठवलं. या गालिच्यातली कुठली ते कोण सांगणार.

वाळायला तीन दिवस लागले. मग परत उस्तांकडे.

नवरोजच्या तोंडावर रफूगराला श्वास घ्यायला वेळ नसतो. “ईदनंतर ये,” ते म्हणाले, ईद म्हणजे इथे नवरोजच. पण ईदनंतर तेरा दिवस बाजार थंड, आणि माझं विमान त्याआधी. मी काही बोलले नाही, तिथेच बसून राहिले. शेवटी त्यांनीच गालिचा ओढून घेतला. मग आठ दिवस रोज वर्ग सुटला की मी त्या खिडकीखाली जाऊन बसायची.

पहिल्या दिवशी त्यांनी भोक मोठं केलं. माझ्या पोटात गोळाच आला. पण कसरीने कुरतडलेल्या कडेच्या गाठी धरून ठेवणार नाहीत, निरोगी गाठीपर्यंत मागे जावंच लागतं. मग तो भाग लाकडी चौकटीवर खिळ्यांनी ताणला. सुईने सुती दोरा घेऊन तुटलेल्या ताण्याच्या जागी नवा ताणा घातला, जुन्या विणीत दोन्हीकडे दोन-तीन बोटं आत शिरेल असा, म्हणजे उद्या तो निसटणार नाही. त्यावर बाणा. आणि मग एकेक गाठ, आकडीने, जुन्या गाठींच्या ओळीत ओळ मिळवून.

पण खरं काम त्याआधीचं, लोकर निवडण्याचं. त्यांच्याकडे पोत्यांत जुनी लोकर होती, मेलेल्या गालिच्यांतून आणि किलीमांतून उसवलेली. नवी लोकर कितीही रंगवली तरी तिचा तजेला वेगळा दिसतो, म्हणाले. त्यांनी निळ्याच्या लडी माझ्यासमोर टाकल्या. मी एक उचलली, “ही.” त्यांनी ती भोकाच्या वरच्या कडेला लावून दाखवली, बरोबर. खालच्या कडेला लावली, चुकीची. तेवढ्या तळहाताएवढ्या जागेतून अब्रशची ओळ जात होती. त्यांनी तीन निळे घेतले.

मग मी एक मागणी केली. कोयऱ्यांच्या तपकिरी कडा सगळीकडे झिजून खोल गेल्या होत्या, तेवढ्याही भरून द्या. उस्तांनी सुई खाली ठेवली. तपकिरी-काळ्या रंगात लोह असतं, ते लोकर हळूहळू खातं, म्हणून आधी तोच रंग झिजतो आणि बाकीची नक्षी कोरल्यासारखी वर येते. “हे भोक नाही, खानूम. हे वय आहे. हे मी भरणार नाही.” मी बोटाने एका कोयरीची कड चाचपून पाहिली. खरंच, कोयरी उठावाने हाताला लागत होती. मी मागणी मागे घेतली आणि आज त्याचं फार समाधान वाटतं.

वरच्या काठाजवळ एक ओळ अशी आहे की तिथल्या कोयऱ्यांची टोकं बाकी सगळ्यांच्या उलट दिशेला वळली आहेत. शेवटच्या ओळीत तर जागाच संपली, तिथल्या कोयऱ्या अर्ध्याच आहेत. नक्षीचा कागद समोर न ठेवता मनाने विणणाऱ्याचं असं होतं, उस्ता म्हणाले. त्या ओळीला त्यांनी हातही लावला नाही, फक्त सैल दशा बांधून दिल्या.

शेवटच्या दिवशी कात्रीने नवी लव जुन्याइतकी कापली, ओल्या फडक्याने दाबली, आणि मला म्हणाले, शोध. वरून मला सापडलं नाही. पाठ उलटी केली तेव्हा सापडलं, तिथला ताणा जरा जास्त पांढरा आहे. लपवलं का नाही, विचारलं. “पाठीवर खोटं बोलायचं नसतं,” ते म्हणाले. साडेतीन लाख तोमान घेतले आणि उरलेल्या तीन निळ्यांची एक छोटी लड वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

विमानात तो घडी न घालता नळकांड्यासारखा गुंडाळून आणला. घडी घातली की जुना ताणा त्या रेषेवर मोडतो.

पुण्यात त्याचा वैरी एकच, पावसाळा. तेहरानच्या कोरड्या हवेतला गालिचा इथे जुलैत दमट होतो आणि दमट, अंधाऱ्या जागी कसर धरते. म्हणून पलंगाखाली किंवा कपाटाखाली त्याचा एकही कोपरा जाऊ देत नाही. दर आठवड्याला व्हॅक्युम, पण फिरता ब्रश न लावता. दर सहा महिन्यांनी अर्धा फेरा फिरवते, म्हणजे आईचे पाय आणि खिडकीचं ऊन एकाच जागी पडत नाही. आणि घट बसायच्या आधी, कडक ऊन असेल त्या दिवशी, गच्चीवर उपडा घालून बडवते. अजूनही थोडी वाळू निघते.

मागच्या वर्षी बडवतानाच दिसलं, उस्तांनी बांधलेल्या काठाच्या पुढे, जिथे त्यांनी हात लावला नव्हता तिथे, चार बोटं धागा सुटला होता. वर्तमानपत्रातली पुडी काढली. चष्मा लावून आई शेजारी बसली, तिने तिन्ही निळे खिडकीशी नेऊन धरले आणि मधला उचलला. मी तो खालच्या कडेला लावून पाहिला. बरोबर होता. सुईत तिनेच ओवून दिला.